मॉडेल टी घाटात उकळते? पंप बसवण्याआधी ठिणगी तपासा

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट निम्मा चढला की आमची फोर्ड मॉडेल टी उकळायची. सलग तीन हिवाळे, जवळपास एकाच वळणावर. आधी रेडिएटरच्या टोपणावरच्या मोटोमीटरमधली, म्हणजे तापमापकातली, लाल रेघ वर सरकायची, मग ओव्हरफ्लोच्या नळीतून फुरफुर सुरू व्हायची. पायाखालच्या फळ्यांतून येणारी धग तर इतकी वाढायची की शेजारी बसलेल्या मामी पाय वर घेऊन बसायच्या. गाडी 1924 ची, कॅनडातल्या कारखान्यात बनलेली, उजव्या स्टीअरिंगची टूरिंग. ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या इतर देशांना, त्यात हिंदुस्थानलाही, फोर्ड कॅनडातूनच यायची. मामांनंतर ती माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर हे दुखणंही आलं.

पहिल्या वर्षी रेडिएटर साफ करून घेतला. दुसऱ्या वर्षी आतली जाळी नवी टाकली. तिसऱ्या वर्षी एका गॅरेजने सांगितलं, "या इंजिनाला वॉटर पंपच नाही, मग ते तापणारच," आणि पट्ट्यावर चालणारा पंप बसवून दिला. त्या फेब्रुवारीत गाडी पुन्हा उकळली, दोन वळणं पुढे.

शेवटी कोल्हापूरच्या एका वयस्कर मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. स्टीअरिंगखालचा स्पार्कचा दांडा दोनदा वर-खाली केला, पुढे जाऊन वाकून ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या टायमरकडे पाहिलं आणि म्हणाले, "सायेब, रेडिएटर बदलून काय हुतंय? ठिणगी उशिरा पडतीय की तुमची."

तेच खरं निघालं. त्यानंतर ओळखीच्या चार-पाच मॉडेल टी पाहिल्या. उकळण्याची तक्रार बहुतेकांची, पंप दोघांनी बसवलेला, आणि ठिणगीची वेळ नीट तपासलेली एकाचीही नाही. हे दुखणं पुन्हा पुन्हा उलटतं ते यामुळेच. म्हणून तपासणीचा जो क्रम मला आता योग्य वाटतो तो सविस्तर लिहितो आहे.

पंप नसणं ही या इंजिनाची उणीव नाही

1908 साली मॉडेल टी आली तेव्हा पहिल्या सुमारे 2500 गाड्यांना पाण्याचा पंप होता. 1909 मध्ये फोर्डने तो काढला आणि पुढे 1927 पर्यंत बनलेल्या जवळपास दीड कोटी गाड्या पंपाशिवाय धावल्या. या गाड्या खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर, वाळवंटात आणि डोंगरात चालल्या आहेत. पंपाशिवाय त्या उकळतच राहिल्या असत्या तर फोर्डने तो परत बसवला असता.

यातली युक्ती थर्मोसायफनची. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात वरून गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि वरच्या तोटीतून कढत पाणी बाहेर पडतं. इथेही तसंच. इंजिनात तापलेलं पाणी हलकं होऊन हेडच्या पुढच्या तोंडातून रेडिएटरच्या वरच्या टाकीत चढतं. जाळीतून उतरताना गार आणि जड होतं, आणि खालच्या पाइपाने ब्लॉकच्या बाजूच्या तोंडातून परत आत शिरतं. इंजिन जितकं जास्त तापेल तितका हा फेरा जोरात चालतो.

एक अट मात्र आहे. रेडिएटरमधलं पाणी वरच्या पाइपाच्या तोंडाच्या वर असलंच पाहिजे. पातळी त्याखाली गेली की साखळी तुटते, पाणी जागच्या जागी थांबतं आणि दहा मिनिटांत उकळतं. म्हणजे थोडंसं गळणारं पॅकिंगसुद्धा या गाडीत मोठं कारण ठरतं.

इंजिन 2.9 लिटरचं, पण ताकद फक्त 20 अश्वशक्तीची. कॉम्प्रेशन आजच्या मानाने निम्म्याहून कमी. इतकी उष्णता हा फेरा सहज वाहून नेतो. गाडी उकळते तेव्हा तीनपैकी एक गोष्ट घडत असते: इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता पाण्यात सोडतं आहे, पाणी कुठेतरी अडलं आहे, किंवा रेडिएटरला ती उष्णता हवेत टाकता येत नाही. पंपाचा उपयोग झाला तर फक्त दुसऱ्या गोष्टीत, आणि तिथेही अडथळा काढणं हाच खरा इलाज.

खरंच उकळते का, हे आधी पाहा

नव्याने मॉडेल टी घेतलेले पुष्कळजण रेडिएटर काठोकाठ भरतात. पाणी तापून फुगलं की जास्तीचं ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली पडतं. ते पाहून घाबरतात, थांबून पुन्हा काठोकाठ भरतात, ते पुन्हा पडतं. हे उकळणं नाही. वरच्या पाइपाच्या तोंडापेक्षा दोन-तीन बोटं वर पाणी ठेवा, तासभर चालवा आणि गार झाल्यावर पातळी बघा. ती जवळपास तिथेच असेल तर काळजीचं कारण नाही.

दुसरं असं की या रेडिएटरच्या टोपणाला दाब नसतो. आजच्या गाडीत दाबाखालचं पाणी 110 अंशांपुढेही शांत राहतं, इथे ती सोय नाही. शिवाय उंचीवर पाणी लवकर उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक अंश कमी. पुण्यात ते 98 च्या आसपास उकळतं, आणि सुमारे 1300 मीटरवरच्या पाचगणीत 96 च्याही आत. कोकणात 95 अंशांवर निवांत चालणारी गाडी पाचगणीच्या टेबललँडखाली वाफा सोडू लागेल. घाटात आपल्या हाताशी असलेली ही सूट मुळातच कमी असते, त्यामुळे सपाटीवर लपलेला दोष तिथे उघडा पडतो.

ताप मोजायची बंदूक, म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर, आता स्वस्तात मिळते. ती जरूर घ्या, पण पितळेच्या चकचकीत भागावर रोखू नका, आकडा खूप कमी दाखवते. वरच्या टाकीवर, खालच्या टाकीवर आणि दोन्ही पाइपांच्या लोखंडी तोंडांवर काळ्या टेपचा बोटभर तुकडा चिकटवा आणि तिथेच मोजा. गाडी अर्धा तास चालवून लगेच घेतलेले हे चार आकडे वहीत लिहून ठेवा. आमच्या गाडीत तब्येत ठीक असताना वर 88 आणि खाली 68 ते 70 असतं. वर उकळतंय आणि खाली अगदी गार असेल तर पाणी फिरत नाही. वर-खाली दोन्ही कढत असेल तर जाळी उष्णता टाकत नाही, किंवा इंजिनच तिच्या आवाक्याबाहेर तापतं आहे. आमच्या गाडीचं हे शेवटचं होतं, आणि आम्ही फक्त जाळीला दोष देत बसलो.

ठिणगी

हा भाग लांबणार आहे, कारण माझ्या मते दहापैकी सात वेळा दोष इथेच सापडतो.

आजच्या गाडीत ठिणगीची वेळ यंत्र ठरवतं. मॉडेल टीत ती चालवणारा ठरवतो. स्टीअरिंगखाली दोन दांडे असतात, एक गॅसचा आणि एक स्पार्कचा. स्पार्कचा दांडा वर असला की ठिणगी उशिरा, खाली ओढला की लवकर. हँडल मारताना तो पूर्ण वर ठेवावाच लागतो, कारण ठिणगी लवकर पडली तर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. त्या काळी अशी कितीतरी मनगटं मोडली आहेत. पण इंजिन सुरू झालं की दांडा खाली यायला हवा. नवा चालवणारा तो अर्ध्यावर आणतो आणि विसरतो.

उशिरा ठिणगी पडली की काय होतं ते नीट समजून घ्या. पेट्रोलचा भडका पिस्टन वर असताना व्हायला हवा, म्हणजे त्याचा जोर पिस्टनला ढकलण्यात खर्च होतो. ठिणगी उशिरा पडली तर पिस्टन खाली पळत असताना आग त्याच्यामागे जळत राहते. ताकद कमी मिळते, आणि उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंती, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याभोवतालचं पाणी घेतं. ताकद कमी म्हणून आपण गॅस वाढवतो, म्हणजे आणखी पेट्रोल, आणखी आग. घाटात हे चक्र दोन-तीन किलोमीटर चाललं की कुठलाही रेडिएटर हरतो.

पहिली तपासणी मिस्त्रींनी केली तीच. एकाला दांडा हलवायला सांगा आणि तुम्ही इंजिनाच्या पुढे वाका. कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला वाटीसारखा टायमर असतो, त्याला एक लोखंडी काडी जोडलेली असते. दांडा पूर्ण फिरला की टायमरही पूर्ण फिरला पाहिजे. आमच्याकडे काडीच्या दोन्ही टोकांचे गोळे झिजून सैल झाले होते आणि काडी मध्ये वाकलेली होती. वर दांडा शेवटच्या दातापर्यंत यायचा, खाली टायमर निम्माच सरकायचा. मी ठिणगी पूर्ण पुढे आहे असं समजून तीन वर्षं घाट चढत होतो.

काडी दुरुस्त झाली की मूळ वेळ जुळवा. पेट्रोलचा नळ बंद करा, चारही प्लग काढून त्यांच्या वायरीसकट हेडवर आडवे ठेवा, दांडा पूर्ण वर करा आणि किल्ली बॅटरीवर ठेवा. आता हँडल सावकाश फिरवा. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला पोचून किंचित खाली उतरायला लागला, साधारण 15 अंश पुढे गेला, की त्याची ठिणगी पाडणारी पहिली कॉइल गुणगुणायला हवी. प्लगच्या भोकातून मऊ तार सोडून पाहिलंत तर पिस्टन सुमारे 2 मिलिमीटर उतरलेला असेल. कॉइल त्याआधी वाजली तर हँडल उलटं बसण्याचा धोका, बरीच नंतर वाजली तर गाडी तापणार. काडीची लांबी त्याप्रमाणे कमी-जास्त करा. हे एकट्याने करू नका. एकाने हँडल धरावं, दुसऱ्याने कान द्यावा.

यानंतर कॉइल. त्यांच्याबद्दल बारकाईने लिहितो, कारण हे इंजिन सगळ्या इंजिनांत वेगळं आहे ते इथेच.

फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकावर, व्ही आकाराची 16 लोहचुंबकं बसवलेली असतात आणि त्यांच्यासमोर स्थिर कड्यावर 16 गुंडाळ्या. इंजिन फिरलं की त्यातून वीज तयार होते, यालाच मॅग्नेटो म्हणतात. ती लाकडी पेटीतल्या चार कॉइलकडे जाते, एका सिलिंडरला एक. प्रत्येक कॉइल म्हणजे डांबर भरलेली लाकडाची डबी, डोक्यावर पोलादाची पातळ पट्टी आणि दोन पॉइंट. जुन्या विजेच्या घंटीसारखी ती पट्टी थरथरते आणि प्लगला ठिणग्यांची माळ मिळते. अंधारात पेटीचं झाकण काढून पाहिलं तर पॉइंटवर निळसर ठिपके नाचताना दिसतात आणि नाकाला तो तिखट, विजेचा वास येतो.

या कॉइलच्या डोक्यावर समायोजनाचा एक नट असतो, आणि त्यानेच सगळा घोळ केला होता. गाडी मिस मारायला लागली की वाटेतला कुणीही तो नट थोडा आवळतो. गुणगुण मोठी होते, मिसिंग थांबल्यासारखं वाटतं, सगळे खूश. प्रत्यक्षात पट्टी जितकी ताठ, तितका तिला ओढायला जास्त करंट लागतो, आणि जास्त करंट चढायला जास्त वेळ लागतो. म्हणजे त्या एका सिलिंडरची ठिणगी उशिरा पडते. दांडा बरोबर, टायमर बरोबर, आणि तरीही एक सिलिंडर भट्टीसारखा तापतो.

मॅग्नेटोवर हा उशीर थोडाथोडका नसतो. फ्लायव्हीलच्या एका फेऱ्यात विजेच्या 16 लाटा येतात, म्हणजे दर साडेबावीस अंशांना एक. कॉइलला पेटायला पुरेसा करंट एका लाटेत मिळाला नाही तर ती पुढच्या लाटेची वाट बघते. मग ठिणगी एकदम साडेबावीस अंश मागे जाते. चुंबकं जुनी होऊन दुबळी झाली असतील आणि त्यात कॉइल आवळलेली असेल, तर हे हमखास घडतं. दांडा हळूहळू खाली ओढताना इंजिनाचा आवाज पायऱ्या-पायऱ्यांनी बदलतो, तेही या लाटांमुळेच. तो दोष नाही.

कुठला सिलिंडर उशिरा पेटतो हे शोधायला संध्याकाळ चांगली. दिवेलागणीला गाडी गोठ्यासारख्या अंधाऱ्या पण मोकळ्या जागी उभी करा, इंजिन मध्यम वेगावर पाच-सात मिनिटं चालवा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे बघा. त्याला प्रत्येक सिलिंडरचं तोंड स्वतंत्र आहे. आमच्या गाडीत तिसरं तोंड मंद लाल दिसत होतं, विझत आलेल्या निखाऱ्यासारखं, आणि शेजारची तीन काळी. तिसरी कॉइल काढून पाहिली तर नट शेवटपर्यंत आवळलेला, पॉइंट जळून खड्डे पडलेले. चारही तोंडं लाल दिसली तर दोष एका कॉइलचा नाही, टायमरकडे किंवा पेट्रोलकडे वळा.

आणखी एक जुनी पद्धत म्हणजे इंजिन चालू ठेवून लाकडी पट्टीने तीन कॉइलच्या पट्ट्या दाबून धरायच्या आणि इंजिन एकाच सिलिंडरवर चालू द्यायचं. चौघांपैकी कोण लंगडतो ते कानाला लगेच कळतं.

कॉइल घरी नट फिरवून जुळवू नका. हाताने फिरवायच्या टेस्टरवर प्रत्येक कॉइल साधारण 1.3 अँपिअरला जुळवून घ्यावी लागते, आणि चारही सारख्या. पट्टी खाली दाबून धरल्यावर पॉइंटमधली फट एक इंचाचा बत्तिसावा भाग. आतला कागदी कपॅसिटर शंभर वर्षांचा असेल तर तो गेलेलाच असतो. त्याच्या जागी 0.47 मायक्रोफॅरडचा, 400 व्होल्टचा फिल्म कपॅसिटर बसतो. डांबर खरवडून काढायचं काम किचकट आहे, पण एकदाच करायचं असतं.

ज्यांची गाडी कायम बॅटरीवर चालते त्यांच्यासाठी वेगळा इशारा. मॅग्नेटो बंद पडलाय म्हणून 6 व्होल्टच्या बॅटरीवर गाडी चालवणारे खूप आहेत. बॅटरीवर कॉइल पेटायला दोन-तीन मिलिसेकंद घेते. इंजिन मिनिटाला 1000 फेऱ्यांवर, म्हणजे गाडी साधारण 40 च्या वेगात असेल, तर तेवढ्या वेळात क्रँक 12 ते 18 अंश फिरलेला असतो. म्हणजे दांडा मॅग्नेटोपेक्षा बराच जास्त खाली लागतो, आणि वेग वाढेल तसा आणखी. मॅग्नेटो दुरुस्त करून घेणं सगळ्यात चांगलं.

चालवताना दांडा कुठे ठेवायचा याचा सोपा नियम असा: सपाटीवर खाली ओढत जा, इंजिन किंचित ठोकायला लागलं की एक दात वर घ्या. घाटात लो पेडल, म्हणजे खालच्या गिअरचं पेडल, दाबून चढताना ठोकलं तर आणखी एक-दोन दात वर, पण वळण संपलं की लगेच खाली. तिथे हात ठेवायची सवय लागली पाहिजे.

पेट्रोल कमी पडतंय का

ठिणगी जुळली आणि तरी गाडी तापते, तर पुढचा संशय पातळ मिश्रणाचा. डॅशवर कार्बोरेटरच्या सुईची मूठ असते. गाडी चांगली गरम झाल्यावर चालता चालता ती पाव फेरा उघडून बघा. इंजिन एकदम मोकळं झालं, ताकद वाढली, तर आजवर ते उपाशी चाललं होतं.

आता याला नवं कारण मिळालंय. पेट्रोल पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला सुमारे 8 टक्के जास्त इंधन लागतं. आधुनिक गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळतो, मॉडेल टीत ते काम आपल्या हाताचं. दहा वर्षांपूर्वी जिथे सुई जुळवून खूण केली होती ती खूण आता चुकीची आहे. नवी खूण करा.

इथेनॉल आणखी एक ठिकाणी नडतं. जुन्या कार्बोरेटरचा फ्लोट कॉर्कचा असतो आणि त्यावर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, थर दिलेला असतो. फर्निचरला पॉलिश करणारे स्पिरिटमध्ये लाख विरघळवतात. इथेनॉल तेच काम फ्लोटवर करतं. थर मऊ पडतो, कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो, आणि कार्बोरेटर ओतायला लागतो. इथेनॉलला टिकणारा फ्लोट टाकून घ्या.

घाटातली खास अडचण म्हणजे टाकी. 1926 च्या आधीच्या बहुतेक मॉडेल टीत पेट्रोलची टाकी सीटखाली असते आणि पेट्रोल उताराने, आपल्या वजनाने कार्बोरेटरकडे जातं. गाडीचं तोंड वर झालं आणि टाकी रिकामी होत आली की उतारच उरत नाही. त्या काळी लोक उभा चढ रिव्हर्समध्ये चढायचे ते यासाठी, शिवाय रिव्हर्सचा गिअर लो पेक्षाही जोरदार होता. आपल्या रहदारीत तसं करता येणार नाही. वाईतून निघताना टाकी निम्म्याच्या वर ठेवा, आणि टाकीखालच्या गाळणीतला गंज काढून टाका.

मग पाणी

आता रेडिएटर. जाळीच्या नळ्या उभ्या असतात आणि त्यांना आडव्या पत्र्याच्या पापुद्र्यांची साथ असते. नळीचा आणि पापुद्र्याचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटला की नळी आतून कितीही स्वच्छ असली तरी उष्णता हवेत जात नाही. नुसतं पाणी सोडून "मोकळा आहे" असं सांगणाऱ्या रेडिएटरवाल्याला हे दिसत नाही. नखाने पापुद्रे हलवून बघा. बांगड्यांसारखे सैल खुळखुळत असतील तर ती जाळी संपली. आमची नवी जाळी या कसोटीला उतरली होती, तेवढे पैसे तरी कारणी लागले.

बोअरचं पाणी कधीच घालू नका. त्यातले क्षार ब्लॉकच्या आत, विशेषतः मागच्या चौथ्या सिलिंडरभोवती, चिखलासारखे साचतात, कारण तिथे पाण्याचा वेग सगळ्यात कमी. हेड उघडलं असेल तेव्हा पाण्याच्या भोकांतून वाकवलेली तार घालून तो गाळ सुटा करा आणि खालच्या तोंडातून पाणी सोडून धुवा. हेड उघडायचं नसेल तर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून काही तास ठेवा, काढा, मग सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी साध्या पाण्याने धुवा. मूळ रेडिएटर फार जुना असेल तर ॲसिड फक्त ब्लॉकमध्ये वापरा, पाइप काढून. कुठल्याही परिस्थितीत गळती थांबवायची पावडर टाकू नका. पाणी आपल्याच वजनाने फिरणाऱ्या इंजिनात तिचा गोळा जिथे बसेल तिथे फेरा थांबतो.

रबरी पाइप बाहेरून धडधाकट आणि आतून सोललेला असू शकतो. काढून आत बोट घाला.

हेडचं गॅस्केट फुटलेलं असेल तर थंड इंजिन सुरू केल्याबरोबर, पाणी तापायच्या आत, टोपणाखाली बुडबुडे दिसतात. हेडचे 15 बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, 50 फूट-पौंडपर्यंत आवळा आणि एकदा गरम होऊन गार झाल्यावर पुन्हा.

पंख्याचा पट्टा ढिला असेल तर सपाटीवर कळत नाही, घाटात लो पेडलवर 10-12 च्या वेगाने चढताना कळतं, कारण तेव्हा समोरून वारा नसतो.

तेल आणि पेडलांचे (लो, रिव्हर्स, ब्रेक) पट्टे बघायला विसरू नका. या इंजिनाला तेलाचाही पंप नाही. फ्लायव्हील तेल उडवतं आणि एका नळीतून ते पुढे जातं. पट्ट्यांच्या अस्तराचा कापूस त्या नळीत अडकला तर पुढचे बेअरिंग कोरडे पडतात. घाटात तेल मागे सरतं, म्हणून पहिल्या सिलिंडरवर त्याचा सगळ्यात जास्त ताण. चढण्याआधी वरच्या तोटीतून तेल ठिबकतंय एवढी पातळी ठेवा. लो, रिव्हर्स आणि ब्रेक यांचे पट्टे जास्त आवळलेले असतील तर गाडी स्वतःशीच झगडत चढते. सपाट जमिनीवर, न्यूट्रलमध्ये, एका माणसाने ढकलल्यावर ती सहज पुढे गेली पाहिजे.

पंप कुणी बसवावा

एका प्रकारच्या गाडीला मी पंप नको म्हणणार नाही. मॉडेल टीच्या ब्लॉकवर शर्यतीची इंजिनं बांधली गेली. लुई शेव्हरोले आणि त्याच्या भावांच्या फ्रंटेनॅक कंपनीने त्यावर बसणारी ओव्हरहेड व्हॉल्व्हची हेड बनवली. फ्रंटी-फोर्ड म्हणून त्या गाड्या अमेरिकेच्या धावपट्ट्यांवर गाजल्या, आणि 1923 च्या इंडियानापोलिस 500 मध्ये एल. एल. कोरमने तसली गाडी पाचव्या क्रमांकावर आणली. 500 मैल, त्याच साध्या ओतीव ब्लॉकवर. मला या गोष्टीचं अजूनही अप्रूप वाटतं. तसं हेड लावून, मूळ इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट ताकद काढणारी स्पीडस्टर कुणी बांधत असेल तर उष्णताही तितकीच वाढणार, तिथे पंपाला अर्थ आहे.

मूळ 20 अश्वशक्तीच्या टूरिंगला तो नको. आमच्या पंपाच्या शाफ्टजवळून पाणी ठिबकायचं, त्यामुळे पातळी घटायची. वर तो पंख्याचाच पट्टा वापरत असल्याने पट्टा जास्त आवळावा लागायचा आणि पंख्याचं बूश झिजलं. गाडी दोन वळणं पुढे उकळली म्हणून आम्हाला वाटलं निदान काहीतरी सुधारलं, आणि खरा दोष शोधायला आणखी एक वर्ष लागलं.

काडीचे नवे गोळे, चारही कॉइल टेस्टरवर जुळवलेल्या, सुई पाव फेरा जास्त उघडी, पंप काढून मूळचं ओतीव तोंड नव्या पॅकिंगसह परत बसवलेलं. एवढं झाल्यावर यंदा फेब्रुवारीत सकाळी आठला वाईतून निघालो. त्या वळणावर मुद्दाम थांबून बंदूक लावली: वर 91, खाली 72. मोटोमीटरची रेघ मधल्या गोलाच्या खालीच होती. मामींनी पाय खालीच ठेवले होते. पाचगणीत पोचल्यावर टोपण उघडलं तर पाणी सकाळपेक्षा जेमतेम एक बोट कमी भरलं.